पाहिले. छान.

बाई, तुमची वही काल प्रकाशनं माझ्या हातात दिली. "आईनं सांगून ठेवलं होतं, ही संगीताला द्यायची," एवढंच म्हणाला. निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही. कव्हरावर तुमच्या गोल अक्षरात तुमचं नाव, इयत्तेच्या जागी 'निवृत्त' आणि विषयाच्या जागी 'कादंबरी'. तुम्हाला जाऊन काल सोळा दिवस झाले.

शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्ही मुख्याध्यापिका असताना पट कसा वाढला, पत्रे जाऊन स्लॅब कसा आला, सगळं सांगून झालं. मला उठवलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, हिला रडू आलं. रडू नव्हतं आलं, राग आला होता. एवढा मोठा आजार तुम्ही माझ्यापासून लपवलात, मला परकी मानलंत, हा राग मी डिसेंबरपासून धरून बसले होते. काल वही वाचली. राग गेलेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

मी तुमच्या शाळेत पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही मला शेंगाच्या पोळ्यांची गोष्ट सांगितली होती. नवीन येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ती ऐकावीच लागे. उद्या वर्गात काय शिकवायचं ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं, त्याला आम्ही टाचण म्हणतो. तुम्ही नव्या नोकरीत असताना कुणी एक साहेब तपासणीला यायचे आणि न वाचताच टाचणावर सही ठोकायचे. तुम्ही एकदा भूगोलाच्या टाचणात, बरोबर मधल्या पानावर, शेंगाच्या पोळ्यांची कृती लिहिलीत. "गूळ किती घालायचा, ते सुदिक लिहिलं हुतं बघ," तुम्ही डोळे मोठे करून सांगायच्या. "सायबानं शेवटच्या पानावर लिहिलं, पाहिले, छान. आन गेले की निघून जीपमधी." मग तुम्ही आमच्याकडं बोट करायच्या. "मी तसली न्हाय. मी वाचणार." आणि वाचायच्याही. आमची टाचणं तुमच्याकडून लाल होऊनच परत यायची.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, बाई? तरी मला ती कळली नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्या ओट्यावर पावटे सोलत बसले होते. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की नोव्हेंबरच्या तीस दिवसांत एक कादंबरी लिहून काढायची. रोज लिहायचं, थांबायचं नाही, खोडायचं नाही. मी गंमत म्हणून मोठ्यानं वाचलं. तुम्ही हसला नाहीत.

"तीस दिवस काय कमी हायत का गं? आपण परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवसांत सातवीचा अख्खा इतिहास उरकलाय."

"बाई, कादंबरी म्हणजे काय पोर्शन आहे का?"

"मग काय हाय? तू तर लेखिका हायस. तुला भ्या वाटतंय, व्हय?"

माझ्या दोन कथा जिल्ह्याच्या पेपरात छापून आल्या होत्या. तेवढ्यावर मी स्वतःला लेखिका समजत होते आणि तुम्हाला ते पुरतं ठाऊक होतं. आठ दिवसांनी तुम्ही दोन वह्या आणून ठेवल्यात, निळी तुमची, हिरवी माझी.

नियम सगळे तुमचेच. दिवसाला सहा पानं. मी धाराशिवहून तेरला एसटीनं यायची, शाळेच्या वाटेवर तुमचं घर. सकाळी तुमच्या गेटात वह्यांची अदलाबदल करायची, दिवसभरात एकमेकीची सहा पानं वाचायची, शेवटच्या पानावर शेरा आणि सही. संध्याकाळी चहा पिऊन आपापली वही परत घ्यायची. रविवारचं सोमवारी.

"सही कशाला?" मी विचारलं.

"सहीबिगर आपल्याच्यानं काय बी होत न्हाय. आपण सरकारी माणसं."

तुम्ही उमरग्याकडच्या, तुमच्या आईनं तुम्हाला अंक कानडीत शिकवलेले. हिशेबाचं काहीही असलं की तुमच्या तोंडात कानडी यायची. सकाळी गेटात उभ्या राहून तुम्ही माझी पानं उलटायच्या, "ओंदु, एरडु, मूरु..." आणि 'आरु'ला पोचलात की मान हलवायच्या. एकदा मी पाचच पानं आणली तर मला गेटातच उभं करून सहावं लिहून घेतलंत. पहिली घंटा झाली तरी सोडलं नाहीत. चाळिशी ओलांडलेली बाई तुमच्या गेटावर वही टेकवून लिहिते आहे, हे बघून पोरं हसत शाळेत गेली.

तुमच्या कादंबरीतली रत्ना शिवणकाम करणारी, पंचावन्नची. घर भरलेलं, मुलगा गुणाचा, सून बरी. एक दिवस ती शिलाई मशीन टेम्पोत घालते आणि येरमाळ्यात हायवेला, पंक्चरच्या दुकानामागं खोली घेऊन एकटी राहते. बस्स. चहा पिता पिता तुम्ही मला हे सगळं सांगायच्या, पुढं काय होणार तेही सांगून टाकायच्या. मी रोज एकच विचारायची, "पण का? नवरा मारत नाही, सून छळत नाही, मग बाई घर का सोडेल?"

"समद्याला कारण लागतंय का?"

"कादंबरीत लागतं."

"मग सापडंल," तुम्ही म्हणायच्या. "अजून पानं हायत."

आता कबूल करायचं ते करते. पहिले दहा दिवस मी तुमचं अक्षर न् अक्षर वाचलं. मग शाळेत सर्व्हे आला, याद्या आल्या, माझीच पानं मागं पडायला लागली. मधल्या सुट्टीत तुमची वही वाचायच्या ऐवजी मी माझी उरलेली पानं सुट्या कागदावर लिहायला लागले. गोष्ट तर संध्याकाळी चहाबरोबर कळतच होती. चार वाजता तुमची वही उघडायची, सहावं पान काढायचं आणि निळ्या पेनानं लिहायचं, पाहिले. छान. खाली सही, तारीख. कधी 'ओघ चांगला आहे' असंही लिहिलं. ओघ कुठला, मी काठालासुद्धा गेले नव्हते.

आणि तुम्ही माझं काय करत होतात? माझ्या नायिकेच्या डोळ्यांत दर चार पानांनी पाणी तरळायचं. आठव्यांदा तरळलं तेव्हा तुम्ही खाली लाल पेनानं लिहिलंत, 'हिला डोळ्याच्या डॉक्टरला दाखव.' मी दिवसभर चिडले आणि संध्याकाळी हसले. तेव्हापासून तिचे डोळे कोरडे झाले, आणि कादंबरी जरा बरी.

चोविसाव्या दिवशी मात्र हसू आलं नाही. माझी नायिका परीक्षा पास होऊन तहसीलदार होते, गावात जीप येते, आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. मी ती पानं फार जीव ओतून लिहिली होती. संध्याकाळी वही घेतली तर समासात लाल शाई: 'ही तुझी ऋतुजा आहे. हिला नापास होऊ दे. मग काय होतं ते लिही.'

माझी लेक ऋतुजा तेव्हा लातूरला दुसऱ्यांदा क्लास करत होती. पहिल्या वेळी तिला मार्क कमी पडले होते आणि ते मी शाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त तुम्हाला सांगितलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी गेटात उभी राहून ओरडले, "तुम्ही आता मुख्याध्यापिका नाही! रिटायर झालात! माझ्या वहीत लाल पेन चालवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" तुमची सून घाबरून बाहेर आली. शेजारच्या कोंबड्या फडफडत भिंतीवर चढल्या. तुम्ही माझ्याकडं बघून चक्क हसत होतात.

"अजून जरा वाढव की आवाज. पलीकडच्या आळीला आलं न्हाय ऐकू."

मी चहा न पिता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटात दोघींनी मुकाट्यानं वह्या बदलल्या आणि तुम्ही 'ओंदु, एरडु' सुरू केलंत. त्या भांडणाचा निकाल लागला नाही. तुमचं बरोबर होतं हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणजे ते आता इथंच म्हणावं लागणार.

तिसाव्या दिवशी दोघींच्या कादंबऱ्या संपल्या. पुढच्या रविवारी आपण येडशीला रामलिंगच्या देवळात गेलो. कादंबरी संपल्याचा सोहळा, असं तुम्ही नाव दिलं होतंत. माकडांच्या भीतीनं दोन्ही वह्या पदराखाली धरून तुम्ही पायऱ्या उतरत होतात. मध्ये तीनदा थांबलात. मी म्हणाले, "वय झालं बाई तुमचं." तुम्ही म्हणालात, "झालं की."

खाली सावलीत बसल्यावर तुम्ही विचारलंत, "माझी समदी वाचलीस न्हवं?"

"हो. सगळी."

"मधली पानं सुदिक?"

"मधली पण. अहो सह्या आहेत ना माझ्या."

तुम्ही पिशवी पुढं ओढलीत. मग डबा उघडलात. डब्यात शेंगाच्या पोळ्या होत्या. मी दोन खाल्ल्या, तूप मागून घेतलं आणि गूळ अगदी बेताचा झालाय म्हणून तुमचं कौतुकही केलं. इतकी ढ मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवली असती.

डिसेंबर संपता संपता प्रकाश स्टँडवर भेटला. त्याच्या हातात सोलापूरच्या दवाखान्याची फाईल होती. गाठ, उपचार, महिन्यातून दोन फेऱ्या, सगळं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. त्याला वाटत होतं, मला माहीत आहे. मी तशीच तुमच्याकडं आले आणि चपला न काढता दारातच विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

तुम्ही खाटेवर शाल पांघरून बसला होतात. शांतपणे म्हणालात, "सांगितलं हुतं की."

"कधी?"

"जाऊ दे. चहा घे."

मला वाटलं, औषधानं तुमचं डोकं भरकटतंय. मग वाटलं, खोटं बोलताय. प्रकाशला सांगितलं, सुनेला सांगितलं, रोज दोन वेळा दारात येणाऱ्या मला नाही. फार लागलं ते मला. जानेवारीत जवळजवळ तीन आठवडे मी संग्रहालयाच्या बाजूनं वळसा घालून शाळेत गेले. वळसा मोठा होता, रोज उशीर व्हायचा. तुम्ही निरोप पाठवला नाहीत आणि मी विचारलं नाही. ते तीन आठवडे मला कुणी परत देणार नाही.

मग मी आले. तुम्ही निम्म्या झाला होतात. रुसवा कसला, एवढंही विचारलं नाहीत. विचारलंत ते हेच, "दुसरा खर्डा केलास का?" मी दुसरा खर्डा सुरू केला. त्यात मुलीला नापास केलं, तुम्ही सांगितलं होतं तसंच. ती रडली नाही, पाणी तरळलं नाही, ती चार दिवस झोपली आणि पाचव्या दिवशी उठून आईला म्हणाली, मला क्लासला परत जायचं नाही. हे लिहून झाल्यावर मी लातूरला फोन केला आणि ऋतुजाला विचारलं, तुला खरंच तिथं राहायचंय का? पलीकडून 'नाही' आलं. ती आता धाराशिवच्या कॉलेजात आहे. जेवते, हसते, माझ्याशी भांडते. हे तुमच्या लाल पेनानं झालं, बाई. हेही मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला बोलायला धाप लागत होती म्हणून पुढच्या वेळी सांगू म्हटलं, आणि पुढच्या वेळी तुम्ही डोळे उघडले नाहीत.

काल दुपारी वही घेऊन बसले. पहिल्या पानापासून, प्रत्येक ओळ. रत्ना आवडायला लागली. मग बाविसावा दिवस आला. तिसऱ्या पानावर, म्हणजे वहीतल्या एकशे एकोणतिसाव्या पानावर, रत्ना अर्ध्यात थांबते आणि तुम्ही बोलायला लागता.

'संगीता, कादंबरी जरा बाजूला ठेवते. सोलापूरचा रिपोर्ट आला. गाठ साधी नाही. प्रकाशला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. तोंडानं सांगितलं तर तू रडशील आणि मग मलाच तुझी समजूत घालत बसावं लागेल. म्हणून इथं लिहिते. वाचलंस तरी संध्याकाळी काही बोलू नकोस. चहात साखर जास्त माग, म्हणजे मी समजेन.'

एवढंच. पुढच्या ओळीपासून रत्ना पुन्हा मशीन चालवायला लागते. तीन पानं उलटली की माझं निळं अक्षर येतं: पाहिले. छान.

त्या संध्याकाळी मी चहा कसा मागितला ते मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. बहुतेक साडेपाचची गाडी चुकेल म्हणून उभ्यानंच प्यायले असेन.

मला वही मिटून टाकावीशी वाटली. तुम्ही असता तर मिटू दिली नसतीत, म्हणून पुढं वाचलं. तेविसावा दिवस, पुन्हा मधलं पान.

'हिनं वाचलं नाही. सही मात्र केली आहे, वर छान म्हणते. मला साहेब आठवले आणि हसू आलं. राग यायला हवा होता. पण विचार केला, हिला कळलं नाही तेच बरं. अजून सात-आठ दिवस एक माणूस तरी माझ्याशी सरळ बोलेल.'

चोविसावा दिवस: 'आज संगीता गेटात माझ्यावर ओरडली. कोंबड्या पळाल्या. फार बरं वाटलं. प्रकाशनं घरात सांगितलेलं दिसतंय. सगळे हळू बोलायला लागलेत. भांडीसुद्धा हळू ठेवतात.'

आणि सव्विसाव्या दिवशी, तुमच्याच कादंबरीत, रत्नाला कारण सापडलं. घरात सगळे तिच्याशी हळू बोलायला लागले होते, म्हणून तिनं हायवेची खोली घेतली. तिथं रात्रंदिवस ट्रक वाजतात, पंक्चरवाला शिव्या देतो, आणि कुणी तिच्यासाठी आवाज कमी करत नाही. मी रोज चहाबरोबर विचारत होते, का, का. उत्तर त्या दिवशी माझ्या पिशवीत होतं आणि मी ते शाळेत नेऊन, सही करून परत आणलं.

मनाची समजूत घालायला मी असं म्हणू शकते की मी वाचलं नाही म्हणून तुम्हाला आठ दिवस बरे गेले. पण ते खरं नाही. मी कामचुकारपणा केला. त्यातून स्वतःपुरतं काहीतरी बरं काढून घेतलंत ते तुम्ही, ते तुमचं कसब. पहिल्या दिवशी ज्या चुकीची गोष्ट सांगून तुम्ही मला शाळेत घेतलंत, तीच चूक मी तुमच्या वहीत केली. आणि रामलिंगला डबा उघडून तुम्ही मला शेवटची संधी दिलीत. तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर? आजार थांबला नसता, डॉक्टरांनी सगळं केलंच. पण ते वळसा घालून जाण्याचे तीन आठवडे तरी वाचले असते.

आज सकाळी शाळेत जाताना तुमच्या गेटापाशी थांबले. सून म्हणाली, या, चहा घ्या. अगदी हळू म्हणाली. घरात अजून सगळे हळूच बोलतात. मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "साखर जास्त घाला." ती दचकली. मग मात्र तिनं भांडं खणकन ओट्यावर ठेवलं.

संध्याकाळी मी लाल पेन विकत घेतला आणि तुमची वही तपासायला बसले. तुम्ही तपासायच्या तशीच. तीसपैकी वीस सह्या खोट्या होत्या, त्यांच्यापासून सुरुवात केली. प्रत्येक 'छान' खोडला. रत्नाचा टेम्पो चढावर बंद पडतो तिथं लिहिलं, 'मशीन कुणी धरलं होतं ते सांगितलं नाही.' सुनेला तुम्ही फार झुकतं माप दिलंय, तेही लिहिलं. सव्विसाव्या दिवशी लिहिलं, 'कारण पटलं. मी हरले.' एकशे एकोणतिसाव्या पानावर काही लिहिता आलं नाही. ते तसंच आहे.

मग शेवटचं पान. एकशे ऐंशीवं. रत्ना खोलीला कुलूप लावते आणि चार ओळींत कादंबरी संपते. तीस दिवसांची मुदत संपत होती, सहा पानं भरायची होती, म्हणून तुम्ही उरकून टाकलंत. तिचं पुढं काय झालं, ती कुणाला काही बोलली का, काहीच नाही. मी लाल पेनानं खाली लिहिलं:

'शेवट घाईत केला आहे. पटला नाही. वहीत अजून वीस पानं कोरी आहेत. पुन्हा लिहून दाखवा.'

खाली सही केली, आणि आजची तारीख घातली.